हापसा स्वस्त का झाला?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आपल्या बैठकांत बोलणे बहुधा विक्रीचे होते. कापूस काय भावाने गेला, ज्वारीला कोणी विचारले नाही, काट्यावर किती मारले. ते बोलायलाच हवे. पण शेतकरी बाजारात दोनदा जातो. एकदा विकायला आणि एकदा विकत घ्यायला. विकताना तो चार लोकांना भाव विचारतो. घेताना मात्र दुकानदार सांगेल तो आकडा ऐकतो, थोडी घासाघीस करतो आणि वस्तू गाडीत टाकून घरी येतो. ही वस्तू एवढीच महाग का, हिचा एवढासा भाग मोडला तर सबंध वस्तूच भंगारात का जाते, हे आपण विचारत नाही. आज मी तेवढ्याच प्रश्नावर बोलणार आहे.

किंमत कागदावर ठरते

कारखानदाराला विचारले तर तो म्हणतो, लोखंड महागले, वीज महागली, मजूर मिळत नाही. यात खोटे काही नाही. पण किमतीचा मोठा हिस्सा त्याच्याही आधी ठरून गेलेला असतो. वस्तूचे चित्र कागदावर काढले जाते तेव्हाच तो ठरतो. भाग किती, कोणत्या धातूचे, कोणत्या मापाचे, कसे जोडायचे, हे एकदा ठरले की पुढे मालक कितीही हुशार असला तरी त्याच्या हातात थोडेच उरते.

साधा हिशेब करू. लोखंडी अँगल बाजारात साधारण सहा मीटर लांबीचा मिळतो. एखाद्या औजाराला १ मीटर ३० सेंटिमीटरचा तुकडा लागतो असे कोणी ठरवले. सहा मीटरमधून असे चार तुकडे निघतात आणि ८० सेंटिमीटरचे तोडण वाया जाते. तोच तुकडा करवतीची फट सोडून १ मीटर १९ सेंटिमीटरचा केला, तर त्याच अँगलमधून पाच निघतात. लोखंड तेवढेच, पण चारऐवजी पाच औजारे. अकरा सेंटिमीटरने औजाराचे काही बिघडणार नसेल, तर पहिल्या चित्राचा भुर्दंड गिऱ्हाइकाने का सोसायचा? चित्र काढणाऱ्याने अँगल किती लांबीचा येतो याची चौकशीच केली नव्हती, एवढेच त्याचे कारण.

वस्तू कशी वापरली जाईल याबरोबरच ती कशी बनवली जाईल याचा विचार आधी करायचा, ही इंजिनियर लोकांची एक स्वतंत्र विद्याच आहे. अमेरिकेत हेन्री फोर्डने १९०८ साली मॉडेल टी ही मोटार आणली तेव्हा तिची किंमत ८५० डॉलर होती. एकच नमुना, एका मापाचे भाग, कोणताही भाग कोणत्याही गाडीला बसणारा. १९१३-१४ मध्ये सरकत्या साखळीवर जोडणी सुरू झाली आणि सांगाडा जोडायला जे साडेबारा तास लागत ते दीड तासावर आले. १९२० नंतरच्या वर्षांत साधी मॉडेल टी तीनशे डॉलरच्या आत मिळू लागली. तिच्या गिऱ्हाइकांत मोठा भरणा शेतकऱ्यांचा होता. जोडणी झटपट झाली, कारण भाग एका मापाचे होते. भाग वेडेवाकडे असते तर जगातली कोणतीही साखळी उपयोगाची नव्हती.

पण फोर्डची मोटार आपल्यापासून लांब आहे. आपल्या गावात, देवळासमोर किंवा शाळेजवळ, याच विद्येचा त्याहून मोठा नमुना उभा आहे. कोणी त्याला हापसा म्हणते, कोणी हापशी. सरकारी कागदावर त्याचे नाव इंडिया मार्क टू. त्याच्या जन्माची गोष्ट जालना आणि सोलापूरहून जाते.

बिडाचे पंप

१९६६-६७ साली बिहारमध्ये दुष्काळ पडला. त्या सुमारास युनिसेफने कठीण खडकात भोक पाडणारी यंत्रे भारतात आणली. पुढे १९७२ चा दुष्काळ आपण सगळ्यांनी पाहिला किंवा घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकला. खडी फोडण्याचे दिवस. दख्खनच्या काळ्या खडकात साध्या विहिरी कोरड्या पडल्या होत्या आणि खोल बोअरला मात्र पाणी लागत होते. बोअर झपाट्याने झाल्या. प्रत्येक बोअरवर हातपंप बसला. खरी अडचण तिथून सुरू झाली.

ते पंप बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे होते. अमेरिकेत आणि युरोपात शेतावरच्या एका घरासाठी जे पंप वापरत त्यांचीच ती नक्कल. एका घराने दिवसातून चार बादल्या काढायच्या, एवढ्यासाठी तो पंप जन्मला होता. आपल्याकडे त्याच्यावर सबंध गाव तुटून पडले. पहाटेपासून रात्रीपर्यंत दांडा थांबत नव्हता. खिळी झिजल्या, भोके मोठी झाली, दांडा डावीउजवीकडे हलू लागला आणि एक दिवस बीड तडकले. बीड एकदा तडकले की गावच्या लोहाराला ते सांधता येत नाही. १९७४ च्या सुमाराला युनिसेफने पाहणी केली तेव्हा बसवलेल्या पंपांपैकी सुमारे तीन चतुर्थांश बंद असल्याचे दिसले. बोअरला पाणी होते, वर पंप होता आणि बाया मात्र पुन्हा घागर घेऊन दोन कोस चालत होत्या.

यात दोष कोणाचा? गावकरी पंप नीट वापरत नाहीत, असे म्हणणारे तेव्हाही होते. आपल्याला हे बोलणे ओळखीचे आहे. वस्तू मोडली की वापरणारा अडाणी. पण पंप एका घरासाठी बनवलेला आणि वापर गावाचा, हे गणितच चुकलेले होते.

जालना आणि सोलापूर

यातून वाट काढली ती मोठ्या प्रयोगशाळेने नव्हे. जालन्याच्या मिशनमधली विहिरी खोदणारी मंडळी रोज हे मोडके पंप पाहत होती. त्यांनी बीड सोडले आणि पोलादी पंप तयार केला. दांड्याला अनेक ठिकाणी खिळी असत, त्याऐवजी एकच मजबूत टेकू दिला. जिथे खीळ तिथे झीज, म्हणून खिळीच कमी केल्या. भाग कमी केला की तो बनवायचाही खर्च वाचतो आणि मोडायची भीतीही जाते.

पुढचे पाऊल सोलापूरला पडले. तिथल्या पंपाला दांड्याच्या टोकाशी साखळी लावली गेली. दांडा गोल फिरतो, पण बोअरमधली सळई सरळ वरखाली जायला हवी. बिडाच्या पंपात ही ओढाताण खिळी सोसत आणि झिजत. साखळी चापावरून गुंडाळत जाते, त्यामुळे सळई ओळंब्यासारखी सरळ राहते. टेकूला बंद बॉल बेअरिंग आले. पंपाची बैठक बोअरच्या पाइपावर टोपीसारखी बसवून काँक्रिटमध्ये पक्की केली, म्हणजे पंप हलणार नाही आणि ओट्यावरचे घाण पाणी बोअरमध्ये उतरणार नाही.

युनिसेफ आणि भारत सरकार चांगला पंप शोधत होते तेव्हा त्यांना सगळ्यात टिकाऊ दिसला तो हा सोलापूरचा. पण एका कारखान्यात थोडे थोडे पंप बनवणे वेगळे आणि देशाला लाखांनी पुरवणे वेगळे. म्हणून सोलापूरचा पंप समोर ठेवून नवा आराखडा करायचे ठरले. अटी अशा घातल्या : वर्षभर तरी बिघडता कामा नये, साध्या वर्कशॉपमध्ये बनवता आला पाहिजे, आणि किंमत दोनशे डॉलरच्या आत हवी. या तीन अटी एकत्र घातल्या हे महत्त्वाचे. टिकाऊपणा आधी बघू, किंमत नंतर बघू, असे म्हटले असते तर चांदीचा पंप तयार झाला असता.

मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रूडास या तेव्हाच्या सरकारी कंपनीने नमुने बनवले. कोइमतूर भागातल्या खोल बोअरवर, जिथे दिवसभर गर्दी असते अशा ठिकाणी ते बसवून पाहिले. १९७७-७८ पासून मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले आणि १९७९ साली भारतीय मानक संस्थेने त्याचे मानक ठरवले. त्याचा क्रमांक ९३०१.

पंप उघडून पाहू

आता हापशाचे झाकण काढून पाहू, म्हणजे स्वस्ताई कुठून आली ते दिसेल.

पहिली गोष्ट, वरचा सगळा सांगाडा पोलादी पत्रा, अँगल आणि पाइप कापून वेल्डिंगने जोडलेला. पोलादी पत्रा आणि अँगल देशभर मिळतात. ओतकामाला भट्टी लागते, साचे लागतात, आतून पोकळ राहिलेला माल परत वितळवावा लागतो. कापायला आणि जोडायला वेल्डिंगचे यंत्र, करवत, भोके पाडायचे ड्रिल एवढे पुरते. असे वर्कशॉप जिल्ह्याच्या गावी असतेच. म्हणजे बनवू शकणारे हात एकदम वाढले.

दुसरी गोष्ट, दांडा. हा भरीव लोखंडी गज आहे. त्याला नक्षी नाही, वाक नाही. गज बाजारातून आणायचा, मापात कापायचा, जोडायचा. आणि तो मुद्दाम जड ठेवला आहे. बोअरमधल्या सळयांचे वजन एका बाजूला आणि दांड्याचे दुसऱ्या बाजूला, असा तराजू होतो. म्हणून दहा वर्षांची पोरही खोल पाणी ओढू शकते. एकाच गजाने पकडायची मूठ, उचलायची तरफ आणि तोलायचे वजन अशी तिन्ही कामे केली. चांगल्या आराखड्याची ही खूण असते.

तिसरी गोष्ट, बेअरिंग. पंपासाठी खास बेअरिंग काढले नाही. ६२०४ नंबरचे, मोटारींना आणि लहान यंत्रांना लागणारे, कोणत्याही तालुक्याच्या दुकानात फळीवर असणारे बेअरिंग घेतले. नंबर सांगा आणि घेऊन या. साखळीही तशीच, यंत्राला लागणारी नेहमीची. जी वस्तू आधीच लाखांनी बनते ती आपल्यासाठी पुन्हा नव्याने बनवण्यात शहाणपण नाही. ज्या औजाराला खास त्याच कंपनीचा बोल्ट लागतो ते औजार घेताना आपण त्या कंपनीच्या दावणीला बांधले जातो, हे लक्षात ठेवा.

चौथी गोष्ट, माप. सगळ्या कारखान्यांचे माप एक. एका कारखान्याचा दांडा दुसऱ्याच्या पंपाला बसलाच पाहिजे. यासाठी प्रत्येक वर्कशॉपला साचे दिले. भाग साच्यात घट्ट बसवायचे आणि मगच वेल्डिंग मारायचे, म्हणजे वेल्डरचा डोळा चुकला तरी माप चुकत नाही. भोके तपासायला दोन टोकांची मापे असतात. एक टोक भोकात गेलेच पाहिजे आणि दुसरे जाता कामा नये. हे तपासायला पदवी लागत नाही.

आणि पाचवी, जी सगळ्यात कमी सांगितली जाते : कुठे काटेकोर राहायचे आणि कुठे ढिले सोडायचे, हे ठरवले. बेअरिंग बसते ती जागा केसभरही इकडेतिकडे चालत नाही. पण बैठकीचे तीन पाय दोन-चार मिलिमीटरने कमीजास्त झाले तर पाण्याला काही कळत नाही. सगळीकडे सोनाराचे माप लावले तर किंमत सोनाराची होते. सगळीकडे कोळशाचे माप लावले तर पंप महिन्यात मोडतो.

या पंपाला मर्यादाही आहे. साखळी ओढू शकते, ढकलू शकत नाही. सळयांच्या वजनाने दट्ट्या खाली उतरतो. म्हणून उथळ विहिरीवर, जिथे सळया थोड्याच लागतात, तिथे तो नीट चालत नाही. तो खोल बोअरसाठी केला आणि खोल बोअरवरच चांगला. एकच वस्तू सगळ्या कामांना पुरवायची या हट्टापायी औजारे बिघडतात. हा हट्ट इथे केला नाही.

आराखडा खुला ठेवला

बनवायला सोपी वस्तू केली की एक नवा प्रश्न उभा राहतो. ती कोणीही बनवू शकतो. मग फायदा कोणाचा?

आपण कापूसवाले आहोत, म्हणून कापसाची गोष्ट सांगतो. अमेरिकेत एली व्हिटनीने रुई आणि सरकी वेगळी करण्याचे यंत्र काढले आणि १७९४ साली पेटंट घेतले. यंत्र अगदी साधे. लाकडी रूळ, त्यावर तारेचे आकडे, जाळी आणि रुई झटकणारा कुंचा. व्हिटनी आणि त्याच्या भागीदाराने ठरवले की यंत्र विकायचे नाही. आपणच सरकी काढून द्यायची आणि मोबदल्यात पाच भागांतले दोन भाग घ्यायचे. कापूसवाल्यांना हा वाटा भयंकर वाटला. यंत्र तर गावचा लोहार एकदा पाहून बनवू शकत होता. झाले, जिकडेतिकडे नकला निघाल्या. कोर्टकचेऱ्या करता करता पेटंटची मुदत संपत आली. जिनिंग पसरले. पण त्याच यंत्राने तिकडे कापसाचा पेरा वाढवला आणि त्याबरोबर गुलामांचे हालही वाढले, हे विसरता येत नाही. यंत्र स्वस्त झाले म्हणून त्याचे फळ राबणाऱ्याला मिळते असे आपोआप होत नाही.

हापशाच्या बाबतीत वेगळी वाट धरली. आराखडा कोणाच्या मालकीचा ठेवला नाही. मानकाचे पुस्तक विकत घ्यावे आणि पंप बनवावा. कारखाने वाढले, त्यांच्यात चढाओढ लागली आणि किंमत आटोक्यात राहिली. बनवणे सोपे असूनही कारखाना एकच असता, तर वाचलेला पैसा त्याच्या तिजोरीत गेला असता. सोपा आराखडा आणि खुली चढाओढ, ही बैलजोडी आहे. एक बैल सुटला की गाडी रस्ता सोडते.

चढाओढीत दुसराही धोका असतो. पत्रा पातळ वापरायचा, जस्ताचा मुलामा नावापुरता द्यायचा, बेअरिंग जुने घालायचे आणि टेंडर मारायचे. याला स्वस्त बनवणे म्हणत नाहीत. ही लबाडी आहे. म्हणून युनिसेफने आपल्या खरेदीसाठी क्राउन एजंट्स या बाहेरच्या संस्थेकडून तपासणी करून घेतली. माल कारखान्यातून निघायच्या आधी मापे लावून पाहायची आणि नापास झालेला माल परत. कापसाची प्रतवारी करताना व्यापारी आपल्या बोंडातली कवडी शोधतो. आपण औजार घेताना त्याचे वेल्डिंग का पाहू नये?

१९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जगभरात असे पन्नास लाखांच्या आसपास पंप बसले. आफ्रिकेतल्या खेड्यांतही हा पंप गेला. जालना-सोलापूरच्या मातीतून निघालेली गोष्ट एवढी लांब पोचली, ती तिच्या साधेपणाच्या जोरावर.

स्वस्त बनवले, पण दुरुस्तीचे काय?

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. आता कडू भाग.

मार्क टू मोडायचा कमी, पण मोडला की गाव हतबल. पंपातला दट्ट्या बोअरच्या तळाशी. त्याचे चामड्याचे वॉशर झिजले की पाणी येईना. वॉशर काही फार किमतीचे नाही. पण ते बदलायला बोअरमधला सगळा पाइप, तीन-तीन मीटरचे नग सोडवत, वर ओढावा लागे. त्याला तिकाटणे, जड पाने, चार-पाच गडी आणि तालुक्याहून येणारी गाडी लागे. गाडी येईपर्यंत उन्हाळा संपायचा. स्वस्त वॉशरसाठी गावाचे पाणी बंद.

कारण काय? आराखडा करताना कारखान्यातली मजुरी मोजली, गावातली मोजली नाही. कारखान्यात एक तास वाचला त्याचा हिशेब लागला. बाई महिनाभर लांबून पाणी आणते त्याचा हिशेब कोणत्याच वहीत नव्हता.

मग मार्क थ्री आला. कोइमतूर भागात १९८० च्या दशकात वर्षानुवर्षे चाचण्या करून तो तयार केला. मुख्य बदल एकच. आतला पाइप ३२ मिलिमीटरऐवजी ६५ मिलिमीटरचा केला. आता सळई वर ओढली की दट्ट्या पाइपाच्या आतूनच वर येतो, पाइप जागेवरच राहतो. चामड्याच्या जागी रबराचे वॉशर आले, ते जास्त टिकते. दोन-तीन माणसे थोड्या पान्यांनी हे काम करू शकतात. पाइप जाड झाला म्हणून पंप महाग झाला, हे खरे. पण दहा वर्षांचा जमाखर्च मांडला तर कोणता स्वस्त, हे ज्याने उन्हाळ्यात गाडीची वाट पाहिली त्याला सांगायला नको.

उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला महिला समाख्या कार्यक्रमात गरीब घरच्या बायकांनी हापसा दुरुस्तीचे काम शिकून घेतले. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायका पाना घेऊन गावोगाव जाऊ लागल्या. जिला पाणी भरायचे तिच्याच हातात पाना आला. हे शक्य झाले, कारण पंपाचे भाग मोजके आणि एका मापाचे होते. एकदा शिकले की प्रत्येक गावचा पंप तोच.

आणखी एक सांगून टाकतो. पंप पाणी तयार करत नाही. शेजारी चारशे फूट खोल बोअर पाडून मोटर लावली की हापसा कोरडा पडतो. त्यात हापशाचा दोष नाही, तो प्रश्न वेगळा आणि मोठा आहे. बऱ्याच गावांत आता नळ आले, मोटर आली. पण वीज गेली की बाया कुठे जातात ते बघा.

आपल्या औजारांकडे या

आता हाच काटा आपल्या तिफणीला, वखराला, डवऱ्याला लावू.

जुनी तिफण सुतार करायचा. बाभळीचे लाकूड, चाडे, नळे, फण. दोन गावच्या तिफणींचे माप जुळायचे नाही. पण चालायचे, कारण सुतार गावातच होता. नळा फुटला तर तोच दुसरा बसवून द्यायचा. आता लाकूड राहिले नाही आणि सुतारही शहरात दरवाजे-खिडक्या करतो. औजारे लोखंडाची झाली आणि वर्कशॉपमधून येऊ लागली. पण मापे मात्र सुताराच्या काळातलीच राहिली, म्हणजे ज्याची त्याला. एका वर्कशॉपच्या डवऱ्याची भोके चार इंचांवर, दुसऱ्याची साडेचारवर. एकाचा बोल्ट अर्ध्या इंचाचा, दुसऱ्याचा बारा मिलिमीटरचा. फास मोडली की ज्याच्याकडून औजार घेतले त्याच्याच दारात जावे लागते. ऐन निंदणीच्या दिवसांत तो म्हणेल तो भाव.

यात वर्कशॉपवाल्याचाही तोटाच आहे. तो दिवसाला चार वेगवेगळ्या मापांची चार औजारे करतो. एका मापाचे शंभर नग करायला मिळाले तर तो साचा बनवील, एकदम कापील, एकदम भोके पाडील, आणि त्याला कमी भावात परवडेल. पण शंभर नगांची मागणी एकेकटा शेतकरी कशी देणार? ती आपण एकत्र येऊनच देता येते.

पुढचे सहा प्रश्न कागदावर उतरून घ्या. औजार घेताना किंवा बनवायला सांगताना हे विचारा.

एक. यातले भाग कमी करता येतील का? दोन भागांचे काम एक करील का?

दोन. बोल्ट, बेअरिंग, पाइप तालुक्याच्या दुकानात मिळणारे आहेत का? सगळ्या औजाराला एक किंवा दोनच पाने पुरतात का? शेतात माणूस पान्यांची पेटी घेऊन जात नाही.

तीन. झिजणारा भाग वेगळा सुटतो का? वखराची पास, डवऱ्याची फास, फणाचे टोक हे झिजणारच. ते वेल्डिंगने कायमचे जोडले असेल तर झिजलेल्या टोकासाठी सबंध औजार वर्कशॉपला न्यावे लागेल.

चार. पिकाप्रमाणे अंतर बदलता येते का? ज्वारीच्या ओळी ४५ सेंटिमीटरवर, कपाशीच्या अनेक ठिकाणी ९० वर. एक दुसऱ्याच्या दुप्पट आहे. एकच दांडी आणि तिच्यावर सरकणारे शिकंजे असले तर दोन औजारांचे काम एकात होते. पण शिकंजे एका मापाचे हवेत.

पाच. उलटे बसवले तर बसते का? बसत असेल तर कोणीतरी घाईत उलटे बसवणारच. दोन भोके एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला ठेवली की चूक करायची म्हटले तरी करता येत नाही. याला काडीचा खर्च नाही.

सहा. दुरुस्ती कोण करणार, किती वेळात, कोणत्या पान्याने? याचे उत्तर नसेल तर किंमत अजून पूर्ण कळलेली नाही.

करायचे काय

माझी सूचना फार मोठी नाही. प्रत्येक तालुक्याने एकच औजार निवडावे. डवरा घ्या, त्याच्यापासून सुरुवात सोपी आहे. दोन-तीन वर्कशॉपवाल्यांना आणि गावच्या एखाद्या जाणत्या लोहाराला बैठकीला बोलवावे. ज्या बाया निंदायला जातात, ज्यांना डवऱ्यामागे राहिलेले गवत हाताने काढावे लागते, त्यांना पुढे बसवावे. औजार कुठे अडते ते त्यांना आधी कळते. मग फक्त तीन मापे ठरवावीत : बोल्टचे माप, भोकांमधले अंतर आणि फास बसवायच्या कानाचे माप. बाकी आकार ज्याने त्याने आपल्या अकलेने करावा. ती तीन मापे पत्र्याच्या एका तुकड्यावर कापून घ्यावीत, आणि तो तुकडा तालुक्याच्या बैठकीत ठेवावा. औजार घेताना तो लावून पाहावा. बसला तर घ्यावे, नाही बसला तर परत द्यावे.

हे करायला सरकारी योजना लागत नाही, अनुदान लागत नाही. अनुदानाच्या औजाराचा अनुभव आपल्याला आहे. यादीत नाव असलेल्याच कंपनीचे घ्यावे लागते आणि तिचा बोल्ट जगात दुसरीकडे मिळत नाही. आपले माप आपण ठरवले आणि कोणत्याही वर्कशॉपला बनवायला मोकळीक ठेवली, तर दोन वर्षांत दुकानदारच विचारायला लागेल की तुमच्या तालुक्याचे माप कोणते.

काही जण म्हणतील, डवऱ्याच्या बोल्टने शेतकऱ्याचे दारिद्र्य हटणार आहे का? नाही हटणार. कापसाला भाव मिळाल्याशिवाय ते हटणार नाही, हे मला तुमच्याइतकेच माहीत आहे. पण कोरडवाहू शेतात वाफसा चार दिवसांचा असतो. त्यातला एक दिवस मोडक्या फाशीमागे तालुक्याला हेलपाटा घालण्यात गेला तर तण पीक खाते, आणि तो तोटा कोणत्याही भावाने भरून निघत नाही. तो दिवस वाचवणे मात्र आपल्या हातात आहे.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने आपले तीन आकडे आणि पत्र्याचा तुकडा बरोबर आणावा. सगळे तुकडे एकावर एक ठेवून पाहू. जुळले तर जिल्ह्याचे एक माप होईल. नाही जुळले तर का जुळले नाहीत यावर बसून बोलू.

एवढे बोलून थांबतो.